दुसरा रिसीव्हर : डॉ. हेक्टर गार्सिया आणि लॉन्गोरिया प्रकरण

फोन लावण्याआधी डॉ. हेक्टर गार्सियांनी आपल्या सेक्रेटरीला दुसरा रिसीव्हर उचलायला सांगितलं आणि कानावर पडेल ते सगळं शॉर्टहँडमध्ये टिपून घ्यायला सांगितलं. तारीख १० जानेवारी १९४९. गाव टेक्सासच्या किनाऱ्यावरचं कॉर्पस ख्रिस्ती. तीन दिवसांत त्या फोनची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर होती. पाच आठवड्यांत एका साध्या शिपायाची शवपेटी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत उतरली होती, आणि मार्चमध्ये टेक्सास विधानसभेची समिती चौकशीला बसली होती. हे प्रकरण सांगणारे बहुतेक जण लिंडन जॉन्सन (तेव्हा टेक्सासचे सिनेटर, पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी पाठवलेल्या तारेपाशी थांबतात. माझं मन मात्र त्या दुसऱ्या रिसीव्हरपाशी अडतं. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी झगडलेल्या या डॉक्टरची पुढची पन्नासेक वर्षं त्यातच दिसतात असं मला वाटतं.

गाव आणि शिपाई

तो शिपाई, फेलिक्स लॉन्गोरिया, मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, थ्री रिव्हर्सचा. सॅन अँटोनियो आणि कॉर्पस ख्रिस्ती यांच्या साधारण मध्यावरचं हे छोटंसं गाव. फेलिक्स ट्रक चालवायचा. घरी बायको बिएट्रिस आणि एक लहान मुलगी. १९४४ च्या अखेरीस तो सैन्यात गेला आणि जून १९४५ मध्ये फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर मारला गेला. ज्या गस्तीत त्याला गोळी लागली, त्या गस्तीवर तो आपणहून गेला होता. महायुद्ध संपायला तेव्हा दोन महिने उरले होते.

परदेशात पुरलेल्या सैनिकांचे अवशेष घरच्यांनी मागितले तर मायदेशी आणायचे, असं अमेरिकन सरकारने ठरवलं होतं. फेलिक्सची पाळी यायला साडेतीन वर्षं लागली. बिएट्रिस तोवर कॉर्पस ख्रिस्तीला राहायला गेली होती, पण नवऱ्याला त्याच्या गावच्या मातीत ठेवायचं म्हणून ती थ्री रिव्हर्सला आली.

गावात फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची सोय करणारी खासगी जागा, एकच. मालक टॉम केनेडी गावात नवा होता, आणि तोही युद्धावर जाऊन आलेला. दफनाला त्याची ना नव्हती. दफनभूमीत मेक्सिकन लोकांचा भाग वेगळा होता आणि मधे काटेरी तारेचं कुंपण होतं. फेलिक्सला त्या बाजूला पुरता आलं असतं. जातवार स्मशानं असलेली गावं ज्याने पाहिली आहेत, त्याला त्या तारेचा अर्थ वेगळा सांगायला नको. अडलं ते चॅपेलवर, म्हणजे फ्युनरल होममधल्या प्रार्थनेच्या दालनावर. मेक्सिकन कुटुंबांत दफनाच्या आदल्या रात्री पेटीजवळ नातेवाईक आणि शेजारीपाजारी बसतात, जपमाळ म्हणतात, कॉफीचे कप फिरत राहतात. याला वेलोरिओ म्हणतात. तो फ्युनरल होमच्या चॅपेलमध्ये व्हावा, एवढीच बिएट्रिसची मागणी होती. केनेडीने सुचवलं, घरीच करा.

इथे टेक्सासची एक गंमत समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच उलगडत नाही. काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे टेक्सासात होते आणि ते छापील होते. मेक्सिकन माणूस मात्र कायद्याच्या लेखी गोराच. त्याची शाळा वेगळी, न्हाव्याचं दुकान वेगळं, हॉटेलात त्याला मज्जाव, सिनेमाला त्याच्या रांगा वेगळ्या. पण यातलं जवळपास काहीच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. रिवाज होता, इतकंच. रिवाजावर खटला कसा भरायचा? कोणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: छे, भेदभाव कसला, त्यांनाच त्यांच्या लोकांत बरं वाटतं, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. कायदा निदान पुरावा तरी मागे ठेवतो. रिवाज तोंडी चालतो आणि सकाळ झाली की नाकबूल करता येतो.

डॉक्टर

हेक्टर पेरेझ गार्सिया यांचा जन्म १९१४ चा, मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातल्या येरा गावचा. आईवडील दोघंही शिक्षक. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत १९१७ मध्ये कुटुंब सीमा ओलांडून टेक्सासच्या मर्सिडीस गावात आलं. इथे आईवडिलांच्या पदव्यांना कोणी विचारेना, म्हणून वडिलांनी कापडचोपडाचं दुकान टाकलं आणि मुलांना शिकवायचा ध्यास घेतला. भावंडांपैकी सहा जण डॉक्टर झाले. हेक्टर १९४० मध्ये गॅल्व्हेस्टनच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाले; पण मेक्सिकन डॉक्टरला रेसिडेन्सीसाठी ठेवून घेणारं हॉस्पिटल टेक्सासात मिळेना, तेव्हा ओमाहाला, थेट नेब्रास्कात जावं लागलं. युद्धात ते आधी पायदळात, मग इंजिनिअरांच्या तुकडीत आणि शेवटी वैद्यकीय दलात होते. ब्राँझ स्टार पदक मिळालं, मेजर झाले. इटलीत नेपल्सची वांडा फुसिल्लो भेटली, तिच्याशी लग्न केलं आणि १९४६ मध्ये भावाबरोबर कॉर्पस ख्रिस्तीत दवाखाना थाटला.

दवाखान्यात माजी सैनिक येत. कोणाची पेन्शन अडलेली, कोणाला सरकारी हॉस्पिटलात खाट नाही, कोणाचे शिक्षणाचे पैसे महिनोन्महिने लटकलेले. १९४८ च्या सुरुवातीला डॉक्टर स्वतःच मूत्रपिंडाच्या दुखण्याने हॉस्पिटलात पडले. रेडिओवर जवळच्या सिंटन गावचा शाळाप्रमुख बोलत होता: आमच्याकडे मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी आहे. ऐकणारा डॉक्टर उठून बसू शकत नव्हता. बरा झालो तर याच कामाला लागायचं, असं त्यांनी खाटेवरच ठरवलं.

२६ मार्च १९४८ ला लमार शाळेत त्यांनी बोलावलेल्या सभेला सुमारे ७०० माणसं आली, आणि अमेरिकन जीआय फोरम ही संघटना उभी राहिली. नावाकडे नीट पाहा. त्यात मेक्सिकन हा शब्द नाही, लॅटिन नाही, हिस्पॅनिक तर नाहीच. आहे तो 'अमेरिकन' आणि 'जीआय', म्हणजे साधा शिपाई. समोरच्याला नाकारताच येणार नाहीत असे दोन शब्द डॉक्टरांनी पाटीवर घेतले. याला कोणी धूर्तपणा म्हणेल. मी तयारी म्हणेन.

फोन आणि सतरा तारा

बिएट्रिसची बहीण फोरमच्या वर्तुळातली. तिने डॉक्टरांना हकीकत सांगितली. डॉक्टर थेट मोर्चा काढू शकले असते. लोक तापलेलेच होते. त्यांनी आधी खात्री करून घेतली. केनेडीला फोन लावून, विधवेच्या वतीने, चॅपेल मिळेल का एवढंच विचारलं. केनेडी म्हणाला, नाही, गोऱ्या लोकांना ते आवडणार नाही. वर हेही म्हणाला की हे लोक अशा वेळी दारू पिऊन भांडतात. डॉक्टरांनी सांगितलं की हा माणूस देशासाठी लढताना मेलाय. उत्तर बदललं नाही. दुसऱ्या रिसीव्हरवर पेन्सिल चालू होती.

मग त्यांनी स्थानिक वृत्तपत्राला कळवलं. बातमीदाराने स्वतः केनेडीला फोन केला. मेक्सिकन लोकांना चॅपेल द्यायची आमची पद्धत नाही आणि आता ती सुरूही करायची नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यालाही मिळालं. म्हणजे एका दिवसात एकच वाक्य दोन वेगवेगळ्या साक्षीदारांच्या कागदावर आलं. मला इथे डॉक्टरकी दिसते. एका तपासणीवर निदान करायचं नाही, दुसरी करून घ्यायची.

त्यानंतर तारा सुटल्या, एकूण सतरा. सिनेटर, काँग्रेसचे सदस्य, राज्याचे अधिकारी, पत्रकार. एका सैनिकाला त्याच्याच गावात त्याच्या वंशामुळे अंत्यविधीची जागा नाकारली, एवढाच मजकूर, विशेषणं फारशी नाहीत. दुसऱ्या दिवशी, ११ जानेवारीला, लमार शाळेतच सभा लावली आणि हजारावर माणसं जमली.

सभा चालू असताना जॉन्सन यांची तार वाचून दाखवण्यात आली. काही जणांचा पूर्वग्रह या जन्मापलीकडेही पोचतो याचं मला दुःख आहे, असं तारेत होतं. खासगी फ्युनरल होमवर आपला किंवा केंद्र सरकारचा अधिकार चालत नाही हेही स्पष्ट लिहिलं होतं. पण फेलिक्सला आर्लिंग्टनमध्ये लष्करी इतमामाने पुरण्याची व्यवस्था त्यांनी केली होती, आणि गावापासून जवळ हवं असेल तर सॅन अँटोनियोच्या लष्करी दफनभूमीचा पर्यायही ठेवला होता. बिएट्रिसने आर्लिंग्टन निवडलं.

जॉन्सन यांनी हे का केलं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तरुणपणी, १९२८ मध्ये, कोटुला गावच्या शाळेत त्यांनी मेक्सिकन मुलांना शिकवलं होतं. ती पोरं उपाशीपोटी वर्गात येतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ती आठवण त्यांनी १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून काँग्रेससमोरच्या भाषणातही काढली. हे एक. दुसरं थोडं कमी सोज्वळ आहे. सिनेटर होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता, आणि तेही जवळपास दहा लाख मतांत ८७ मतांनी पक्षाची उमेदवारी मिळवून. ती ८७ मतं कुठून आली, तर कॉर्पस ख्रिस्तीपासून जवळच्या ॲलिस गावातल्या १३ नंबरच्या पेटीतून. मतदानानंतर काही दिवसांनी तिथे २०० च्या आसपास नावं वाढली होती, एकाच हस्ताक्षरात आणि वर्णानुक्रमाने. तिथली मेक्सिकन मतं खिशात घालून फिरणाऱ्या एका स्थानिक पुढाऱ्याची ती करामत. म्हणजे ज्या समाजाच्या मतांवर जॉन्सन निवडून आले, त्या समाजाने ती मतं खरोखर दिली होती की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लॉन्गोरियाच्या निमित्ताने त्या समाजाने त्यांच्याकडे पहिल्यांदा उघडपणे काही मागितलं. गार्सियांना हे गणित कळत नव्हतं असं मानणं भाबडेपणाचं होईल.

आणखी एक धागा टेक्सासात सगळ्यांना माहीत होता. भेदभावाच्या तक्रारींमुळे मेक्सिको सरकारने १९४३ पासून काही वर्षं टेक्सासला शेतमजूर पाठवणंच बंद केलं होतं, आणि ते संबंध सुधारावेत म्हणून राज्याने 'गुड नेबर कमिशन' काढलं होतं. कापूस वेचायला माणसं हवी होती. त्यामुळे एका गावच्या चॅपेलची बातमी मेक्सिकोत पोचली की राजधानी ऑस्टिनच्या सरकारी कचेऱ्यांत धावपळ होणारच. गार्सियांच्या तारा या दुखऱ्या नसेवर पडल्या.

थ्री रिव्हर्समध्ये दुसऱ्याच दिवशी सूर बदलला. गैरसमज झाला म्हणे. महापौर आपलं घर द्यायला तयार झाले, माजी सैनिकांचा हॉल खुला झाला. उशीर झाला होता. १६ फेब्रुवारी १९४९ ला आर्लिंग्टनमध्ये फेलिक्सला पुरलं. बिएट्रिस आणि मुलगी होती, जॉन्सन होते, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे लष्करी सहायक होते, मेक्सिकन वकिलातीचा माणूस होता. वेलोरिओ मात्र राहूनच गेला.

चौकशी

गावाची बदनामी झाली म्हणून विधानसभेने पाच सदस्यांची समिती नेमली. मार्चमध्ये सुनावणी झाली ती थ्री रिव्हर्सच्याच चेंबर ऑफ कॉमर्समध्ये. आरोप ज्यांच्यावर त्यांच्याच दिवाणखान्यात न्याय, असा मामला. डॉक्टरांच्या बाजूने गुस गार्सिया हा तल्लख वकील उभा राहिला (आडनाव सारखं, नातं नाही).

बचाव असा: नकार दिला तो वंशामुळे नव्हे, तर विधवा आणि तिची सासरची माणसं यांच्यात बेबनाव होता, विधीच्या वेळी तमाशा झाला असता म्हणून. कुटुंबातलं कुरबुरीचं काहीबाही शोधून काढून ते चव्हाट्यावर मांडण्यात आलं. फेलिक्सच्या वडिलांकडे गावातली वजनदार मंडळी गेली आणि भेदभाव झाला नाही अशा मजकुराखाली सही मागितली. म्हाताऱ्याने सही दिली नाही. उलट दबाव आणल्याचं लिहून दिलं. ज्या गावात पिढ्या काढल्या, जिथे कामधंदा आहे, तिथल्या बँकवाल्यांना आणि महापौरांना नाही म्हणणं काय असतं हे खेड्यात राहिलेल्याला विचारा. या प्रकरणात डॉक्टरांहून जास्त किंमत कोणी मोजली असेल तर या घराने.

इथे शॉर्टहँडची वही कामाला आली. सेक्रेटरीची साक्ष होती, बातमीदाराची होती. मी असं बोललोच नाही, ही नेहमीची वाट बंद झाली होती. मग वाद शब्दांवरून हेतूवर सरकला, आणि हेतू कोणी टिपून ठेवलेला नसतो. समितीच्या बहुमताने भेदभाव झालाच नाही असा निष्कर्ष काढला. फ्रँक ओल्टॉर्फ या सदस्याने त्यावर सही करायला नकार दिला.

अहवाल विरुद्ध गेला म्हणून डॉक्टर हरले, असं मात्र कोणी मानलं नाही. फोरमच्या शाखा टेक्सासात आणि मग बाहेरच्या राज्यांत निघू लागल्या. दिवसभर दवाखाना, आणि संध्याकाळी गाडी काढून शंभर-दोनशे मैलांवरच्या गावात सभा, असा डॉक्टरांचा क्रम झाला. टेक्सासात तेव्हा मतदानाआधी पोल टॅक्स भरावा लागे, १.७५ डॉलर, शेतमजुराला ती दिवसभराची कमाई वाटे. तो भरायला लावायच्या मोहिमा फोरमने काढल्या. बायकांनी तमाले करून विकले आणि पैसे उभे केले. तमाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण घालून मक्याच्याच पाल्यात उकडलेला पदार्थ, पातोळ्यांचा तिखट चुलतभाऊ म्हणा.

वही ते सुप्रीम कोर्ट

१९५४ चा हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास हा खटला लॉन्गोरिया प्रकरणाचा थेट वारसदार आहे, असं माझं मत. वकील गुस गार्सिया आणि त्यांचे सहकारी. पैशाची जुळवाजुळव करणाऱ्यांत फोरम आणि डॉक्टर. एका खुनाच्या आरोपीला ज्युरीने दोषी ठरवलं होतं, आणि मुद्दा असा की जॅक्सन काउंटीत २५ वर्षांत एकही मेक्सिकन माणूस ज्युरीवर बसलेला नव्हता. राज्याचं उत्तर पुन्हा तेच: मेक्सिकन गोरेच आहेत, ज्युरीत गोरे होते, मग तक्रार कसली? तेव्हा वकिलांनी रिवाजाचे पुरावे गोळा केले. सगळ्यात बोलका पुरावा कोर्टाच्या इमारतीतच सापडला. पुरुषांच्या दोन मुताऱ्या होत्या. एकीवर पाटी नव्हती. दुसरीवर 'काळे पुरुष' असं इंग्रजीत, आणि खाली स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रेस आकी', म्हणजे पुरुष इकडे. अखेर रिवाजाने स्वतःच लिहून दिलं होतं. ३ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की या लोकांना वेगळा वर्ग म्हणून वागवलं गेलं आहे आणि संविधानाचं संरक्षण त्यांनाही आहे. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा प्रसिद्ध ब्राऊन निकाल त्यानंतर दोन आठवड्यांनी आला.

पुढचं भराभर सांगता येईल. १९६० मध्ये केनेडींच्या (राष्ट्राध्यक्ष झाले ते) प्रचारात 'व्हिवा केनेडी' क्लब. १९६७ मध्ये जॉन्सन यांनी डॉक्टरांना संयुक्त राष्ट्रांत पर्यायी राजदूत म्हणून नेमलं, आणि अमेरिकेच्या वतीने तिथे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत, स्पॅनिशमध्ये, बोलणारे ते पहिले प्रतिनिधी ठरले. १९६८ मध्ये नागरी हक्क आयोगावर नेमणूक. १९७२ मध्ये कॉर्पस ख्रिस्तीतल्या शाळांच्या वेगळेपणाविरुद्ध ठिय्या देताना अटक. तेव्हा ते साठीला टेकत होते. १९८४ मध्ये रेगन यांच्या हातून देशाचं सर्वोच्च नागरी पदक. २६ जुलै १९९६ ला निधन.

यातल्या ज्या गोष्टी गौरवग्रंथांत सहसा येत नाहीत त्याही बघायला हव्यात. 'आम्ही गोरेच, आम्ही सैनिक, आम्ही अमेरिकन' या युक्तिवादाला एक मागची बाजू आहे. गोरेपणाच्या दाव्याने काळ्यांबरोबरची आघाडी बराच काळ दूर राहिली. आणि जो सैनिक नाही, नागरिक नाही, त्याचं काय? १९५३ मध्ये फोरमने कामगार संघटनेबरोबर एक पुस्तिका काढली, ती सीमेवरची नदी ओलांडून चोरून येणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या विरोधात होती. ते मजुरी पाडतात, इथल्या मेक्सिकन-अमेरिकनांचं पोट मारतात, हा तिचा सूर. आर्थिकदृष्ट्या त्यात तथ्य होतं. पण तीन वर्षांचा असताना सीमा ओलांडून आलेल्या माणसाच्या संघटनेने ते छापावं, हे वाचताना अडखळायला होतं. व्हिएतनामच्या वेळी डॉक्टर जॉन्सन यांच्या पाठीशी राहिले आणि रस्त्यावर उतरलेल्या चिकानो (स्वतःला असं म्हणवणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन) तरुणांना ते जुन्या वळणाचे वाटू लागले. निष्कलंक तक्रारदार शोधायचा, ही लॉन्गोरियाच्या वेळची हातोटी त्यांना कधी सुटलीच नाही. तिचं बळ आणि तिची मर्यादा एकाच जागी आहे.

थ्री रिव्हर्सचा वाद मात्र १९४९ मध्ये मिटला नाही. २००४ मध्ये गावच्या पोस्टाला फेलिक्सचं नाव द्यावं असा प्रस्ताव निघाला. गाव पुन्हा दुभंगलं. चॅपेल नाकारलंच नव्हतं, गावावर उगाच किटाळ आलं, असं म्हणणारे लोक पंचावन्न वर्षांनंतरही होते आणि ते मनापासून म्हणत होते. प्रस्ताव बारगळला. २०१० मध्ये राज्याच्या इतिहास आयोगाची पाटी लागली, एवढंच.

डॉक्टरांनी आपले कागद कॉर्पस ख्रिस्तीच्या विद्यापीठाला देऊन टाकले होते. पत्रं, तारा, प्रतिज्ञापत्रं, फोटो, खोक्यांमागून खोकी. लायब्ररीत ती मांडून ठेवली आहेत आणि मागितली की वाचायला मिळतात.